सरकारचा पैसा ठेवला कुठे? अमेरिकेचे सुरुवातीचे प्रेसिडेंट आणि बँकेचं भांडण गावात बसून कसं वाचायचं

जून-जुलैत मासेमारी बंद असते, लावणी उरकली की शेतातली घाई पण कमी होते, आणि कोकणात बऱ्याचशा मोठ्या गावात एखादं जुनं वाचनालय असतंच. अशा दिवसांत आठ-दहा जणांनी बसून एक विषय धरून वाचायचा असेल तर मी हा सुचवेन, वॉशिंग्टनपासून पोकपर्यंतचे अमेरिकन प्रेसिडेंट सरकारच्या परवान्यावर चालणाऱ्या राष्ट्रीय बँकेशी कसे वागले आणि लिबर्टेरियन लोक त्यांच्याकडे कसं बघतात. आमच्या मालवणच्या गटात आम्ही हे केलंय, त्यातून जे जमलं ते इथे लिहिते. इकॉनॉमिक्सची डिग्री लागत नाही. ज्याने कधी पतसंस्थेत ठेव ठेवलीये आणि रात्री तिच्या काळजीने जागलाय त्याला हा विषय पटकन कळतो, खरंतर प्रोफेसरपेक्षा लवकर कळतो असं माझं मत आहे.

आधी लिबर्टेरियन म्हणजे काय ते सगळ्यांना एकदा सांगून टाका, यावर तासभर घालवू नका. माणसाच्या जीवावर आणि त्याच्या कमाईवर पहिला हक्क त्याचाच, सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी, आणि सरकारच्या जोरावर कुणालाही खास सवलत किंवा मक्तेदारी मिळू नये. बस. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची खुल्या व्यवस्थेची मांडणी ज्यांनी वाचलीये ऐकलीये त्यांना हे ओळखीचं वाटेल. एक गैरसमज मात्र पहिल्याच दिवशी काढायचा, तो म्हणजे ही सगळी शेठ लोकांची बाजू आहे. या गोष्टीत उलट आहे, इथे शेठ लोक सरकारच्या बँकेत शेअर घेऊन बसलेत आणि लिबर्टेरियन ज्यांना मानतात ते लोक त्या बँकेच्या विरोधात उभे आहेत.

आता मुख्य गोष्ट. कोण चांगला प्रेसिडेंट कोण वाईट असं विचारत बसलात तर दुसऱ्या संध्याकाळी भांडणं होतील आणि तिसऱ्या संध्याकाळी कोणी येणार नाही. प्रत्येक प्रेसिडेंटला एकच प्रश्न विचारा: याच्या काळात सरकारचा पैसा कुठे ठेवला होता आणि त्यावर कोण धंदा करत होतं? हा प्रश्न मला सुचलेला नाही, आमच्यातल्या एका रापणवाल्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, काकांचा आहे. मी जॅक्सनने बँक कशी मारली ते रंगवून सांगत होते तर ते मधेच म्हणाले, "ता ऱ्हवांदे, मगे सरकाराचे पैसे ठेयल्यानी खंय?" आणि तिथून आमचं वाचन रुळावर आलं. आपल्याकडे देवस्थानचा फंड एकाच व्यापाऱ्याकडे ठेवला तर काय होतं ते सांगायला नको, तो त्यावर उधारी देतो, गावात त्याचं वजन वाढतं, आणि मानकरी पण हळूहळू त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. अमेरिकेच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांतलं बँकेचं राजकारण याच जागेवरून बघायचं.

सुरुवात 1791पासून करा, मागे जाऊ नका. डिसेंबर 1790मधे ट्रेझरी सेक्रेटरी म्हणजे अर्थमंत्री हॅमिल्टनने नॅशनल बँकेचा रिपोर्ट दिला, काँग्रेसने म्हणजे तिकडच्या संसदेने बिल पास केलं, मॅडिसनने हाऊसमधे म्हणजे खालच्या सभागृहात विरोध केला, आणि वॉशिंग्टनला सही करायची की नाही कळेना म्हणून त्यांनी मंत्र्यांची मतं मागवली. तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या जेफरसनचं उत्तर 15 फेब्रुवारी 1791चं, हॅमिल्टनचं 23 फेब्रुवारीचं, आणि 25ला सही झाली. ही दोन उत्तरं दोन माणसांना वाटून द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा, भाषांतर करत करत. जेफरसन म्हणतो संविधानाने जो अधिकार दिलेला नाही तो केंद्राचा नाही, आणि बँक सोयीची असेल पण गरजेची नाही. हॅमिल्टन म्हणतो काम दिलंय म्हणजे ते काम करायचं साधन पण आपोआप दिलंय. लिबर्टेरियन जेफरसनकडून आहेत हे उघड आहे, पण हॅमिल्टनचं उत्तर जास्त तयारीचं आहे हे वाचताना जाणवतंच, ते लपवू नका. मग आपला प्रश्न विचारा. बँकेचं भांडवल 1 कोटी डॉलर, त्यात पाचवा हिस्सा सरकारचा, चार्टर म्हणजे सरकारी परवाना 20 वर्षांचा, सरकारच्या ठेवी तिथे, तिच्या नोटा टॅक्स भरायला चालणार, आणि काँग्रेसचं वचन की या काळात केंद्र दुसऱ्या बँकेला चार्टर देणार नाही. म्हणजे पैसा एका जागी. शेअरच्या स्क्रिपचा, म्हणजे पहिला हप्ता भरल्याच्या पावतीचा, भाव त्याच वर्षी ऑगस्टमधे भडकला आणि कोसळला, आणि 1792मधे विल्यम ड्यूअर नावाचा सट्टेबाज बुडाला तेव्हा न्यूयॉर्कमधे मोठी पळापळ झाली, हा ड्यूअर आधी हॅमिल्टनच्याच खात्यात असिस्टंट होता.

जॉन अ‍ॅडम्सला दहा मिनिटं पुरे. त्याला बँकांची मनापासून चीड होती, 1811च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की ही सगळी बँक पद्धत मला कायम घृणास्पद वाटत आली आणि मरेपर्यंत वाटेल, पण प्रेसिडेंट असताना त्याने यात काही केलं नाही आणि लिबर्टेरियन त्याला ओळखतात ते 1798च्या सेडिशन कायद्यासाठी, सरकारवर टीका केली म्हणून लोकांना आत टाकणारा कायदा.

जेफरसनला मात्र पूर्ण संध्याकाळ द्या, कारण इथे माणसं गडबडतात. त्याच्या बाजूने भरपूर आहे. व्हिस्कीवरचा टॅक्स 1802मधे रद्द केला, कर्ज साधारण 8 कोटी 30 लाख डॉलरवरून 5 कोटी 70 लाखावर आणलं, आणि बँकेतले सरकारचे उरलेले शेअर 1802मधे लंडनच्या बेअरिंग पेढीला विकून टाकले. पण चार्टर चालूच होतं आणि त्याचा ट्रेझरी सेक्रेटरी अल्बर्ट गॅलाटिन हा बँकेच्या बाजूचा माणूस होता. डिसेंबर 1803मधे जेफरसन याच गॅलाटिनला लिहितो की ही संस्था आपल्या संविधानाच्या तत्त्वांची जीवघेणी वैरी आहे, आणि मार्च 1804मधे तोच त्या बँकेला नव्या प्रदेशात शाखा काढू देणाऱ्या कायद्यावर सही करतो, त्यातून न्यू ऑर्लिन्सची शाखा निघाली. कारण लुईझियाना हा मोठा प्रदेश फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला विकत घेतला होता, त्याचे बाँड बेअरिंग आणि होप या युरोपियन पेढ्यांनी उचलले, आणि तिकडे पैसे फिरवायला बँक हाताशी हवी होती. हे गटात असंच्या असं मांडा. आमच्याकडे एक जण फार चिडला, म्हणाला म्हणजे हा पण तसलाच, पण मला वाटतं इथे शिकायचं ते वेगळं आहे: सरकारला मोठा खर्च करायचा असला की बँकेचा सगळ्यात कडवा विरोधक सुद्धा तिच्या दारात जातो. शिवाय 1807चा एम्बार्गो, सगळा परदेशी व्यापारच बंद, हा तर लिबर्टेरियन नजरेतून त्याच्या कारकिर्दीवरचा मोठा डाग.

मॅडिसनचं पण तसंच आहे, फक्त त्याच्याकडे निमित्त युद्धाचं. 1811मधे चार्टर संपलं, हाऊसमधे एका मताने मुदतवाढीचं बिल बारगळलं, सिनेटमधे 17-17 अशी बरोबरी झाली आणि व्हाइस प्रेसिडेंट जॉर्ज क्लिंटनच्या मताने बँक गेली. मग 1812चं इंग्लंडशी युद्ध, ऑगस्ट 1814मधे इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं, आणि त्याच सुमारास न्यू इंग्लंड सोडून बाकीच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं. या जागी थांबा. नोटेवर वचन लिहिलंय, वचन मोडलं, तरी बँकेला टाळं नाही, उलट ती कर्ज वसूल करायला मोकळी आणि हे 1817पर्यंत चाललं! मरे रॉथबार्ड हा अमेरिकन लिबर्टेरियन अर्थशास्त्रज्ञ याच गोष्टीवर फार जोर देतो, की बिघाड बँक नसल्यामुळे झाला नाही, कराराचं पालन करायला लावलं नाही म्हणून झाला. मॅडिसनने जानेवारी 1815मधे एक बँक बिल व्हेटो केलं, म्हणजे सही न करता परत पाठवलं, पण त्यात स्वतःच म्हटलं की संविधानाचा प्रश्न आता मिटला, आणि एप्रिल 1816मधे दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या कायद्यावर सही केली. भांडवल साडेतीन कोटी डॉलर, सरकारचा हिस्सा परत पाचवा, आणि 25 पैकी 5 डायरेक्टर प्रेसिडेंट नेमणार. 1791चा सगळ्यात हुशार विरोधक 1816मधे सही करतोय.

1819चं पॅनिक, म्हणजे आर्थिक घबराट आणि मंदी, जेफरसनपेक्षा कमी वेळात होईल पण गाळू नका. दुसऱ्या बँकेने आधी भरमसाट कर्जं दिली, मग 1818च्या मध्यापासून एकदम हात आखडता घेतला, आणि मॅडिसननंतरच्या प्रेसिडेंट मन्रोच्या शांत म्हणवल्या जाणाऱ्या काळात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, शहरात कामं गेली. विल्यम गाउज या बँकविरोधी लेखकाने 1833मधे याबद्दल लिहिलं की बँक वाचली आणि लोक बुडाले. 1819मधेच सुप्रीम कोर्टाने मॅकलक विरुद्ध मेरीलँड खटल्यात बँक संवैधानिक ठरवली. रॉथबार्डने याच पॅनिकवर डॉक्टरेट केली होती. ज्यांचं घर मनीऑर्डरवर चाललंय, ज्यांनी मुंबईच्या गिरण्या बंद होताना बघितल्यात, अशा वडीलधाऱ्या माणसांना या सत्रात बोलू द्या, तारखा मागे राहिल्या तरी चालतील.

आता जॅक्सन. सगळे याचीच वाट बघत असतात. 1832मधे, चार्टर संपायला अजून चार वर्षं असताना, बँकेचा अध्यक्ष निकोलस बिडल आणि जॅक्सनचा निवडणुकीतला प्रतिस्पर्धी हेन्री क्ले यांनी निवडणुकीच्या तोंडावर मुदतवाढीचं बिल आणलं, हिशोब असा की जॅक्सन घाबरेल. त्याने 10 जुलै 1832ला व्हेटो मारला. हा व्हेटो संदेश येल युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्टवर फुकट मिळतो, शेवटचे चार परिच्छेद तरी वाचाच. त्यात तो म्हणतो श्रीमंत आणि बलवान लोक सरकारचे कायदे आपल्या स्वार्थासाठी वाकवतात, आणि सरकारने जसा आकाशातला पाऊस लहानथोर सगळ्यांवर सारखा पडतो तसं सगळ्यांना सारखं संरक्षण देण्यापुरतं काम केलं तर ते निखळ वरदान ठरेल. कौलावर धो धो पाऊस पडतोय आणि कोणीतरी ही ओळ वाचतंय, मला तर ते ऐकताना अंगावर काटा आला. कोर्टाने ठरवलं म्हणून मी गप्प बसायचं नाही, प्रत्येकाने संविधानाची शपथ आपल्या समजुतीप्रमाणे घेतलीये, हे पण त्यातच आहे.

पण लगेच काकांचा प्रश्न. 1833मधे जॅक्सनने ठेवी हलवायला सांगितल्या, ट्रेझरी सेक्रेटरी ड्वेन तयार होईना तर त्याला काढलं, रॉजर टॉनी आणला, आणि पैसा गेला निवडक राज्य-बँकांकडे, ज्यांना विरोधक पेट म्हणजे पाळीव बँका म्हणायचे. म्हणजे एका व्यापाऱ्याकडचा फंड काढून आपल्या मर्जीतल्या अनेकांना वाटला, फंड बाजारातच राहिला. जानेवारी 1835मधे केंद्राचं कर्ज शून्यावर आलं, तेवढं एकदाच. जुलै 1836मधे सरकारी जमिनीसाठी सोनं-चांदीच लागेल असं फर्मान निघालं. आणि 1837मधे पॅनिक.

इथे गटात कोणीतरी नक्की म्हणेल, बघा बँक मारली आणि देश बुडाला, आणि शाळेच्या पुस्तकी इतिहासात बऱ्याच वर्षं हेच होतं. याला उत्तर तयार ठेवा. पीटर टेमिन या अर्थइतिहासकाराने 1969मधे दाखवलं की 1830च्या दशकातली महागाई मुख्यतः मेक्सिकोची चांदी देशात येऊन साठल्यामुळे होती, राज्य-बँका बेफाम सुटल्यामुळे नव्हे, आणि इंग्लंडमधल्या बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर वाढवले त्याचाही फटका होता. टेमिन लिबर्टेरियन नाही, म्हणून त्याचा दाखला जास्त कामाचा. उलट बाजूने ब्रे हॅमंड या बँकांच्या इतिहासकाराचं म्हणणं ठेवा की बँकेविरुद्धचे बरेच लोक गरीब शेतकरी नव्हतेच, ते नवे धंदेवाले होते ज्यांना स्वतःच्या बँका फुगवायच्या होत्या. यात तथ्य आहे असं मला वाटतं.

माझा सगळ्यात आवडता भाग जॅक्सननंतर आलेल्या व्हॅन ब्युरेनचा, आणि यालाच लोक कंटाळवाणा समजून सोडतात. त्याच्याआधी न्यूयॉर्कच्या लोकोफोको मंडळींची गोष्ट सांगा. ऑक्टोबर 1835मधे टॅमनी हॉलच्या सभेत जॅक्सनच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुढाऱ्यांनी पक्षातल्या विरोधकांना गप्प करायला गॅसचे दिवे बंद केले, तर या लोकांनी खिशातून लोकोफोको नावाच्या काड्यापेट्या काढून मेणबत्त्या पेटवल्या आणि सभा चालूच ठेवली. विल्यम लेगेट हा पत्रकार त्यांचा आवाज, त्याचं म्हणणं बँक आणि सरकार यांची पूर्ण फारकत करा, चार्टर द्यायचा अधिकारच नको, कोणालाही बँक काढू द्या आणि बुडाला तर बुडू द्या. व्हॅन ब्युरेन मार्च 1837मधे खुर्चीवर बसला आणि मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बँकांनी सोनं देणं बंद केलं. सगळे म्हणत होते नवी बँक काढा, बँकांना वाचवा. त्याने सप्टेंबरमधे खास अधिवेशन बोलावून सांगितलं की सरकारचा पैसा सरकार स्वतःच्या तिजोरीत ठेवेल, कुठल्याच बँकेत नाही. इंडिपेंडंट ट्रेझरी. कायदा व्हायला 4 जुलै 1840 उजाडलं, निवडणूक तो हरला, आणि 1841मधे विरोधी व्हिग पक्षाने कायदा रद्द केला. पण काकांच्या प्रश्नाला पहिलं सरळ उत्तर याने दिलं. जेफ्री रॉजर्स हमेल हा लिबर्टेरियन इतिहासकार त्याला सर्वात थोर अमेरिकन प्रेसिडेंट म्हणतो ते बऱ्याच अंशी याचसाठी.

टायलर आणि पोक एकत्र उरका. टायलरने 1841मधे स्वतःच्याच पक्षाची दोन बँक बिलं व्हेटो केली, डॅनियल वेबस्टर सोडून सगळं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेलं, पक्षाने हाकललं. आयव्हन इलँड या लिबर्टेरियन लेखकाने प्रेसिडेंट लोकांची क्रमवारी लावली त्यात टायलर पहिला आहे. पोकने 1846मधे इंडिपेंडंट ट्रेझरी परत आणली आणि त्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध पण सुरू केलं.

लिबर्टेरियन म्हणजे सगळे एकाच मताचे असं दाखवू नका. रॉथबार्ड म्हणतो बँकेने मागताच परत द्यायच्या ठेवींइतकं सोनं 100 टक्के ठेवलंच पाहिजे, नाहीतर ती फसवणूक. लॉरेन्स व्हाइट आणि जॉर्ज सेल्जिन म्हणतात तसं नाही, स्पर्धा मोकळी ठेवा, स्कॉटलंडमधे 1845पर्यंत बँका स्वतःच्या नोटा काढून नीट चालत होत्या. पहिल्यासाठी जॅक्सन जवळजवळ हिरो, दुसऱ्यांना तो अर्धवट वाटतो.

आणि एक गोष्ट गाळली तर बाकी सगळं वाचलेलं फुकट जाईल. जेफरसन, मॅडिसन, जॅक्सन, टायलर, पोक हे सगळे गुलाम बाळगणारे. जॅक्सनने 1830मधे मूळनिवासी लोकांना हुसकावण्याचा कायदा केला आणि 1838मधे चेरोकी लोकांना हाकललं ते व्हॅन ब्युरेनच्या हुकुमतीत, हजारो माणसं वाटेत मेली. ज्याच्यासाठी माणसाचं स्वातंत्र्य पहिलं, त्याने हे तळटीपेत टाकून चालत नाही. लेगेटचं नाव मला यासाठी पण आवडतं की 1835मधे गुलामगिरीविरोधकांवर जमाव चालून जात होते तेव्हा तो त्यांच्या बोलण्याच्या हक्कासाठी उभा राहिला आणि पुढे स्वतः गुलामगिरीच्या विरोधात गेला, पक्षात त्याला त्याची किंमत मोजावी लागली.

व्हॉट्सअ‍ॅपवर जेफरसनचं म्हणून एक वाक्य फिरतं, आधी इन्फ्लेशन मग डिफ्लेशन करून बँका तुमची मुलं बेघर करतील, ते त्याचं नाही. खरं वाक्य 28 मे 1816च्या जॉन टेलरला लिहिलेल्या पत्रात आहे, की बँका या खड्या सैन्यापेक्षा धोकादायक आहेत आणि पुढच्या पिढीने फेडायचं कर्ज काढून खर्च करणं म्हणजे भविष्याची मोठ्या प्रमाणावर फसवणूक. जॅक्सन बँकवाल्यांना तुम्ही सापांचं बीळ आहात म्हणाला, हे वाक्य पण संशयास्पद, वापरू नका. फाउंडर्स ऑनलाइन या वेबसाइटवर जेफरसन वगैरे मंडळींची पत्रं फुकट आहेत, तिथे सापडलं तरच गटात वाचायचं असा नियम करा, विरोधी बाजूच्या वाक्यांना पण तोच नियम.

शेवटच्या बैठकीत आपल्या मातीतला माणूस घ्या. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव, आणि 1923चा त्यांचा रुपयावरचा प्रबंध याच प्रश्नाभोवती फिरतो की चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडलं तर काय होतं. गोल्ड एक्स्चेंज स्टँडर्डवर, म्हणजे सोन्याची नाणी न चालवता रुपयाचा भाव सोन्याशी बांधायच्या पद्धतीवर, त्यांची टीका हीच, की त्यात रुपये वाढवायला आळा नाही. ते लिबर्टेरियन नव्हते, पुढे त्यांनी स्टेट सोशॅलिझम मांडला, हे स्पष्ट सांगा आणि ओढूनताणून त्यांना या कंपूत बसवू नका. पण 1832चा व्हेटो आणि हा प्रबंध पाठोपाठ वाचले की कॉलेजची मुलं जागेवर बसत नाहीत, प्रश्न विचारत सुटतात, आणि मग बोलणं आपोआप 1935ची रिझर्व्ह बँक आणि 19 जुलै 1969ला राष्ट्रीयीकरण झालेल्या 14 बँकांवर येतं. येऊ द्या, फक्त तिथेही विचारा की सरकारचा पैसा कुठे आहे.

बैठक दीड तासाच्या वर नको, चहा मधे द्या शेवटी नको, नाहीतर सगळे घड्याळ बघतात. पत्रांच्या प्रिंट आधीच काढून ठेवा, पावसात नेट जातं. आणि सिव्हिल वॉर, 1863चा नॅशनल बँकिंग कायदा, 1913ची फेडरल रिझर्व्ह हे याच बैठकांत कोंबू नका, त्याला वेगळी फेरी लागते, ती गणपतीला चाकरमानी आले की ठेवा, बँकेत नोकरी केलेले दोघं-तिघं तरी त्यांच्यात निघतात.